कडी नसलेला शनी

पत्राचा सारांश (नोव्हेंबर २०२५): सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहणारे ६४ वर्षांचे निवृत्त शिक्षक लिहितात की, नोकरीभर पाचवीच्या मुलांना सूर्यमाला शिकवली, पण शनीची कडी स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिली नव्हती. म्हणून यंदा दसऱ्याला त्यांनी ११४ मिलिमीटर व्यासाच्या आरशाची, ९०० मिलिमीटर नाभीय अंतराची (म्हणजे आरशापासून प्रतिमा जिथे जुळते तिथपर्यंतच्या अंतराची) दुर्बीण मागवली. खोक्यावर '६७५ पट' असं मोठ्या अक्षरांत छापलेलं आहे. सोबत २० आणि ४ मिलिमीटरची दोन आयपीस (डोळा लावून पाहायची भिंगं) आणि प्रतिमा तिप्पट करणारं बार्लो भिंग आलं. भाऊबिजेला मुलगी, जावई आणि दोन नातवंडं घरी होती. रात्री सगळे गच्चीवर जमले. मोठ्या आयपीसमधून एक पिवळट गोळी आणि तिच्या आरपार गेलेली बारीक रेघ दिसली. नातू म्हणाला, "आजोबा, हा शनी नाहीच. कडी कुठे आहेत?" मग ४ चं आयपीस आणि बार्लो लावलं, तर नुसता थरथरता डाग दिसे आणि तोही बघता बघता निघून जाई. शिवाय डोळ्यासमोर काळसर जाळी तरंगू लागली. जावई म्हणाले, "बाबा, तुम्हाला फसवलंय." तेव्हापासून दुर्बीण चादर पांघरून कोपऱ्यात उभी आहे. सरांच्या एका डोळ्याची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे, दुसऱ्याला तिरपा नंबर आहे. ते विचारतात: दुर्बीण खराब आहे, की माझे डोळे? ही विकून पन्नास-साठ हजारांची, आपोआप ग्रह शोधणारी घ्यावी का? नातवंडं नाताळात पुन्हा येणार आहेत.

नमस्कार सर,

तुमच्या प्रश्नांकडे वळण्याआधी एक सांगते. भाऊबिजेच्या रात्री तुम्ही जी पिवळट गोळी पाहिलीत, तो शनीच होता. आणि तिच्या आरपार गेलेली रेघ म्हणजेच त्याची कडी होती.

शनीचा अक्ष कललेला आहे आणि सूर्याभोवती फिरायला त्याला साडेएकोणतीस वर्षं लागतात. त्यामुळे आपल्याला त्याची कडी काही वर्षं एका बाजूने दिसतात, काही वर्षं दुसऱ्या बाजूने, आणि मधल्या संधीला, साधारण तेरा ते सोळा वर्षांतून एकदा, ती बरोबर धारेवरून दिसतात. ही संधी यंदाच आली. २३ मार्च २०२५ रोजी पृथ्वी कड्यांच्या प्रतलातून गेली. त्यानंतर उन्हाळा-पावसाळ्यात कडी किंचित उघडली आणि दिवाळीच्या सुमारास पुन्हा मिटत आली. आत्ता, नोव्हेंबर २०२५ च्या या शेवटच्या आठवड्यात, त्यांचा कल अर्ध्या अंशाहूनही कमी आहे. कड्यांचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा विस्तार पावणेतीन लाख किलोमीटरच्या आसपास, आणि जाडी मात्र बहुतेक ठिकाणी काही दहा मीटर एवढीच. अशी वस्तू धारेवरून पाहिली तर रेघच दिसणार. गच्चीवरून, नवीन दुर्बिणीतून, शिकवायला कुणी नसताना तुम्ही ती रेघ टिपलीत, याचा अर्थ फोकस जवळजवळ नेमका जमला होता.

तुमच्या नातवाला पडलेल्या कोड्यानं गॅलिलिओलाही बुचकळ्यात टाकलं होतं. १६१० मध्ये त्याला शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी चिकटल्यासारखं दिसलं होतं, आणि १६१२ मध्ये तेच नाहीसं झालं, कारण तेव्हाही कडी धारेवर आली होती. ही शनीभोवतीची, त्याला कुठेही न टेकलेली पातळ सपाट चकती आहे, हे डच खगोलशास्त्रज्ञ ह्युजेन्सने १६५९ मध्ये प्रसिद्ध केलं. म्हणजे मधे जवळपास अर्धं शतक गेलं. नातवाचा प्रश्न त्यामुळे अगदी रास्त होता आणि त्याला त्याचं उत्तर मिळायला हवं. नाताळापर्यंत थांबू नका. आज संध्याकाळीच फोन करा आणि त्याला हे सांगा. एका वहीत शनीचं यंदाचं चित्र काढून ठेवायला सांगा, पुढच्या वर्षी त्याच्या शेजारी दुसरं. २०३२ च्या सुमारास कडी पूर्ण उघडलेली असतील. तोवर तो कॉलेजात गेलेला असेल आणि त्याच्याकडे स्वतः पाहून काढलेल्या चित्रांची ओळ असेल.

आता तुमच्या पत्रातल्या एका गृहीताबद्दल. तुम्ही लिहिता, "६७५ पट असूनही काही दिसलं नाही." तुम्ही 'असूनही' लिहिलंत, मी तिथे 'म्हणून' लिहीन.

दुर्बीण किती पट मोठं दाखवते हे आयपीसवर ठरतं. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या आकड्याने भागायचं. तुमच्या २० च्या आयपीसने ९०० भागिले २०, म्हणजे ४५ पट. ४ च्या आयपीसने २२५ पट. त्याला तिप्पट करणारं बार्लो लावलं की ६७५. खोक्यावरच्या आकड्याचा हिशेब असा बरोबर आहे, पण त्याचा उपयोग काही नाही. आरशाचा जो व्यास मिलिमीटरमध्ये असतो त्याच्या फार तर दुप्पट पटींपर्यंत प्रतिमेत काही तपशील मिळतो. तुमच्या दुर्बिणीला ही मर्यादा २२८ ची, आणि तीही हवा अगदी स्थिर असलेल्या रात्री. आपल्याकडे बहुतेक रात्री शंभर-सव्वाशेच्या पुढे जाण्यात अर्थ नसतो. आरशाने गोळा केलेला प्रकाश तेवढाच राहतो. तिप्पट मोठी प्रतिमा केली की तो नऊपट जागेवर पसरतो, एका भाकरीचं तूप नऊ भाकऱ्यांना लावावं तसा. हवेची थरथर आणि स्टँडचा हलकासा धक्काही तितकाच मोठा होऊन दिसतो.

आणि तो डाग पळून का जात होता? पृथ्वी फिरते म्हणून. आकाश दर मिनिटाला पाव अंश सरकतं. ४५ पटींना तुम्हाला सुमारे एक अंश आकाश दिसतं, म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले दोन पूर्णचंद्र. त्यात मधोमध आणलेला ग्रह कडेला जायला दोनेक मिनिटं घेतो. २२५ पटींना हीच वेळ अर्ध्या मिनिटावर येते. ६७५ पटींना तुम्ही डोळा लावेपर्यंत ग्रह गेलेला असतो. शाळेत पृथ्वीचं परिवलन शिकवताना गोल फिरवून दाखवावा लागतो. इथे ते डोळ्यांदेखत घडतं, आणि मुलांना ते मुद्दाम दाखवण्यासारखं आहे: नळीला हात न लावता चंद्राला आयपीसमधून निघून जाऊ द्यायचं.

तेव्हा बार्लो खोक्यात ठेवून द्या. ४ चं आयपीसही पुढचे काही महिने बाहेर काढू नका. सगळं २० च्या आयपीसने पाहा. ४५ पट ऐकायला कमी वाटतं, म्हणून एक तुलना सांगते. जानेवारीत गुरू पृथ्वीच्या सर्वांत जवळ असेल तेव्हा ४५ पटींतून त्याची चकती नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो तेवढी मोठी दिसेल. आजूबाजूला सगळा काळोख असल्यामुळे ती लहान भासते, एवढंच. पुढे पैसे खर्चावेसे वाटलेच तर १० मिलिमीटरचं चांगलं प्लॉसल जातीचं आयपीस घ्या. त्याने ९० पट मिळतील. ४५ आणि ९० या दोन पायऱ्यांवर या दुर्बिणीचं बहुतेक आयुष्य आनंदात जाईल.

फसवणुकीच्या प्रश्नाचं उत्तर यातच आलं. जाहिरात दिशाभूल करणारी आहे, वस्तू मात्र वाईट नाही. ११४ मिलिमीटरचा आरसा तुमच्या डोळ्याच्या अंधारात उघडलेल्या बाहुलीपेक्षा सुमारे पाचशे पट प्रकाश गोळा करतो. जावयांनाही हा हिशेब दाखवा. ते काळजीपोटीच बोलले असणार.

आता डोळे. या प्रश्नावर जरा थांबते, कारण साठीच्या पुढचे अनेक वाचक हीच शंका मनात धरून दुर्बिणीपासून दूर राहतात.

वयानुसार अंधारात बाहुली कमी उघडते हे खरं. तरुणपणी ती सात मिलिमीटरपर्यंत उघडते, साठीनंतर पाचच्या आसपास. पण २० च्या आयपीसमधून बाहेर पडणारी प्रकाशाची शलाका अडीच मिलिमीटरचीच आहे (११४ भागिले ४५). ती तुमच्या बाहुलीत सहज मावते. म्हणजे या दुर्बिणीतून तुमच्या नातवाला जेवढा प्रकाश मिळतो तेवढाच तुम्हाला मिळतो. ४ च्या आयपीसमधून येणारी शलाका मात्र अर्ध्या मिलिमीटरची होते. इतक्या बारीक शलाकेत डोळ्यातल्या द्रवात तरंगणाऱ्या कणांच्या सावल्या स्पष्ट उमटतात. तुम्हाला दिसलेली जाळी बहुधा हीच. ती कमी-अधिक सर्वांच्याच डोळ्यांत असते, एरवी जाणवत नाही. पण एक सांगून ठेवते: अशी जाळी दिवसाउजेडी, दुर्बिणीशिवाय अचानक वाढली किंवा डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

पाहायचं शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्याने. मोतीबिंदू काढलेल्या डोळ्याला तारे पूर्वीपेक्षा स्वच्छ आणि पांढरेशुभ्र दिसल्याचं अनेकजण सांगतात, कारण पिवळट झालेलं नैसर्गिक भिंग तिथे नसतं. चष्मा काढून ठेवा. साधा जवळचा किंवा लांबचा नंबर फोकसच्या चकतीने भरून निघतो. तिरपा नंबर भरून निघत नाही, त्यामुळे त्या डोळ्याने पाहायचंच असेल तर चष्मा ठेवूनच पाहावं लागेल. आणि तुमच्यानंतर पाहणाऱ्या प्रत्येकाला फोकस आपल्या डोळ्यासाठी हलवू द्या. गच्चीवर "मला धूसर दिसतंय" म्हणणाऱ्या निम्म्या लोकांची अडचण एवढीच असते.

मांडणीबद्दल तुम्ही फार लिहिलेलं नाही, पण "शनी शोधायला पाऊण तास लागला" या वाक्यावरून वाटतं की फाइंडर जुळवायचा राहिला होता. वर बसवलेली ती छोटी दुर्बीण आणि मोठी नळी यांची नजर एकाच ठिकाणी असायला हवी, आणि हे काम दिवसा करायचं. सूर्याच्या विरुद्ध दिशेला, निदान दोन-तीन किलोमीटर लांबची, न हलणारी एखादी टोकदार वस्तू निवडा: मोबाइलचा टॉवर, डोंगरावरच्या देवळाचा कळस, विजेच्या मोठ्या खांबाचा शेंडा. आधी मोठ्या नळीत २० च्या आयपीसने तो शेंडा मधोमध आणा आणि स्क्रू घट्ट करा. मग नळीला धक्का न लावता फाइंडरचे छोटे स्क्रू फिरवत तोच शेंडा त्याच्या फुलीवर आणा. कळस उलटा दिसेल. आरशाच्या दुर्बिणीत असंच दिसतं, आणि आकाशात वर-खाली नसल्यामुळे ते आड येत नाही. हे पंधरा मिनिटांचं काम केलं की रात्रीचा पाऊण तास अर्ध्या मिनिटावर येतो.

तुमचा स्टँड इक्वेटोरियल आहे, आणि तो समजेपर्यंत माणसाला रडवतो. त्याचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखलेला असावा, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर. स्टँडवर अंशांची पट्टी असते. ती तुमच्या गावाच्या अक्षांशावर लावा. साताऱ्याकडे १७-१८ अंश, नाशिकला २०, नागपूरला २१. ध्रुवतारा क्षितिजापासून तेवढाच वर असतो, म्हणून आपल्याकडे तो बहुधा शेजारच्या घराआड किंवा धुरकट हवेत बुडालेला असतो. तो दिसला नाही तरी अडत नाही. होकायंत्राने उत्तर धरा, नुसत्या पाहण्यासाठी तेवढं पुरतं. मग स्टँडला लावलेली एकच केबल (हाताने फिरवायची लवचीक दांडी) हळूहळू फिरवत राहिलं की ग्रह जागेवर राहतो. हे स्टँड थंड देशांच्या अक्षांशांचा विचार करून घडवलेले असतात. आपल्यासारख्या कमी अक्षांशावर नळीचा तोल धरणारं वजन तिपाईच्या पायाला अडू शकतं. तसं झालं तर दोन पायांमधली मोकळी जागा उत्तरेकडे येईल अशी तिपाई फिरवा.

वजन दांड्यावर मागेपुढे करून असं ठेवा की स्क्रू सैल केल्यावरही नळी सोडाल तिथे थांबेल. तोल नसेल तर कितीही स्क्रू आवळा, नळी घसरतेच. तिपाईचे पाय पूर्ण लांब करू नका, स्टुलावर बसून पाहता येईल एवढीच उंची ठेवा. बसून पाहणाऱ्याला जास्त दिसतं, कारण त्याचं डोकं हलत नाही. आयपीस अवघड ठिकाणी गेलं तर मान वाकडी करू नका. नळीच्या कड्या सैल करून नळी स्वतःभोवती फिरवा आणि आयपीस समोर घ्या.

जागेचाही विचार करा. सिमेंटची गच्ची दिवसभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडते. ती वर जाणारी हवा ग्रहाला थरथरवते. अंगण असेल तर ते बरं. गच्चीच असेल तर जेवणं उरकून साडेआठ-नऊनंतर पाहा आणि दुर्बीण अर्धा तास आधी बाहेर नेऊन ठेवा, म्हणजे आरसा थंड होईल. तुमच्याकडे या दिवसांत गळीत हंगाम चालू असतो. शेजारच्या शिवारात पाचट पेटवलेलं असेल तर त्या रात्री डोक्यावरचंच आकाश पाहावं, क्षितिजाजवळ काही हाती लागत नाही.

आणि आता जे मला सर्वांत मनापासून सांगायचं आहे ते. तुम्ही दुर्बीण घेतलीत शनी पाहण्यासाठी, पण पत्रात तुम्ही स्वतः निवांत पाहिल्याचा एकही उल्लेख नाही. पहिल्याच आठवड्यात नातवंडं, जावई, शेजारी यांना दाखवायची जबाबदारी तुम्ही अंगावर घेतलीत. शिक्षकाच्या अंगात हे मुरलेलं असतं, आपल्याला मिळालं की लगेच वर्गाला द्यायचं. पण वर्गावर जाण्याआधी तुम्ही धडा वाचून जात होता ना? नाताळाला महिना आहे. हा महिना दुर्बिणीबरोबर एकट्याने काढा. कुणाला बोलावू नका, कुणी विचारलं तर "अजून शिकतोय" म्हणा.

वेळही चांगली आली आहे. नुकतीच अमावास्या झाली, चंद्रकोर रोज वाढते आहे. भिंतीवरची तिथी बघून ठरवा, ती दुर्बीणवाल्याच्या फार कामाची आहे. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सपाट, डोळे दिपवणारा दिसतो, कारण तिथे समोरून ऊन पडलेलं असतं आणि सावल्या नसतात. खरी मजा शुद्ध चतुर्थीपासून दशमीपर्यंत, उजेड-अंधाराच्या सीमेवर. तिथे सूर्य नुकताच उगवलेला असतो आणि विवरांच्या कडा लांब सावल्या टाकतात. पंचमी-षष्ठीच्या सुमारास थिओफिलस आणि त्याची दोन शेजारी विवरं शोधा. थिओफिलस सुमारे शंभर किलोमीटर रुंद आहे आणि त्याच्या मधोमध डोंगर आहे. अष्टमी-नवमीला ॲपेनाइन पर्वतांची कमान उजळते. तिच्यातलं सर्वांत उंच शिखर पाच किलोमीटरहून उंच आहे. पर्वताचा पायथा काळोखात आणि शेंडा उन्हात, असे सुटे चमकणारे ठिपके सीमेपलीकडे दिसतील. एकाच जागेकडे दहा मिनिटं पाहत राहा. पहिल्या मिनिटाला जे दिसत नाही ते सातव्या-आठव्याला दिसू लागतं, कारण हवा अधूनमधून क्षणभर स्थिर होते आणि डोळा तो क्षण पकडायला शिकतो. दुर्बीण शिकायची म्हणजे मुख्यतः हेच शिकायचं.

नाताळात मुलं येतील तेव्हा आकाश तुमच्या बाजूने आहे. २५ ते २८ डिसेंबरला चंद्र पंचमीपासून अष्टमीकडे जात असेल, म्हणजे संध्याकाळी तो वर आणि नेमका पाहण्याजोगा. सुरुवात त्यानेच करा, तो हमखास सापडतो आणि मुलांचा विश्वास बसतो. २६ आणि २७ तारखेला चंद्र शनीच्या आसपास आहे. सात वाजता दक्षिणेकडे बरंच वर पाहा. २६ ला शनी चंद्राच्या पूर्वेला असेल, २७ ला चंद्र त्याला ओलांडून पुढे गेलेला असेल. चंद्र एका दिवसात किती सरकतो हे दोन संध्याकाळी आपोआप कळेल. शनीची कडी तेव्हाही रेघेसारखीच असतील, पण आता नातवाला ते माहीत असेल, आणि ती रेघ शोधायला तो स्वतः धडपडेल.

नऊनंतर पूर्वेला गुरू चांगला वर आलेला असेल. १० जानेवारी २०२६ ला तो सूर्याच्या बरोबर समोर येतो आहे, तेव्हा वर्षातला सर्वोत्तम काळ हाच. त्याच्या दोन्ही बाजूंना एका ओळीत बारीक ठिपके दिसतील: आयो, युरोपा, गॅनिमिड, कॅलिस्टो. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने हेच पाहिले होते आणि त्याची दुर्बीण सुमारे वीस पटींची होती. मुलांना आधी काही सांगू नका. कागद-पेन्सिल द्या आणि दिसेल तसे ठिपके मांडायला सांगा. दुसऱ्या रात्री पुन्हा. ठिपक्यांच्या जागा बदललेल्या पाहून ते जे विचारतील तिथून तुमचा धडा सुरू होईल. आयो पावणेदोन दिवसांत गुरूला फेरी घालतो, त्यामुळे तो गुरूच्या कडेजवळ असेल तर दोन-अडीच तासांतही त्याची हालचाल कळते. शेवटी मृगाच्या पोटातल्या बाणाच्या, त्या एका ओळीतल्या तीन ताऱ्यांच्या दक्षिणेला दुर्बीण वळवा. तिथे एक धूसर ढग दिसेल. त्यात नवे तारे जन्माला येत आहेत. चंद्राच्या उजेडात तो फिका असेल, म्हणून तुम्ही डिसेंबरच्या मधल्या अंधाऱ्या रात्री तो एकदा पाहून ठेवा. कृत्तिका मात्र मोठ्या नळीत मावत नाहीत, त्या फाइंडरमधून पाहा.

मुलांसाठी दोन-तीन युक्त्या. पाहताना हात पाठीमागे, नाहीतर ती आयपीस धरतात आणि चंद्र निसटतो. लहानांना एक डोळा मिटता येत नाही, त्यांना तळहाताने झाकायला सांगा. विजेरीला लाल जिलेटिन कागद लावा आणि मोबाइल खाली ठेवायला लावा. काळोखाला सरावायला डोळ्यांना वीस-पंचवीस मिनिटं लागतात आणि एका मोबाइलच्या झोताने ती फुकट जातात. "दिसलं का?" असं विचारू नका. त्याला 'हो' एवढंच उत्तर येतं, न दिसता सुद्धा. "काय दिसलं?" असं विचारा.

सूर्याकडे ही दुर्बीण कधीही, क्षणभरसुद्धा, वळवू नका. डोळा कायमचा जातो आणि जाताना दुखतही नाही. काही दुर्बिणींबरोबर आयपीसमध्ये बसवायची गडद 'सूर्य-काच' येते. ती आतल्या उष्णतेने तडकू शकते. तुमच्या खोक्यात असेल तर फोडून टाकून द्या, म्हणजे नातवंडांच्या हाती लागणार नाही. दिवसा दुर्बिणीवर झाकण आणि ती चादर दोन्ही असू द्या.

आरशावर धूळ दिसली तर पुसू नका. थोड्या धुळीने काही बिघडत नाही, फडक्याने ओरखडे पडतात. आरसे जुळलेले आहेत का हे पाहायचं असेल तर एखादा तेजस्वी तारा मधोमध आणून फोकस मुद्दाम बिघडवा. प्रकाशाच्या वर्तुळात काळा ठिपका मधोमध असेल तर स्क्रूंना हात लावायची गरज नाही. ज्या वाचकांच्या दुर्बिणीची नळी तिच्यावर छापलेल्या नाभीय अंतराच्या जेमतेम निम्मी आहे, त्यांच्या फोकसरमध्ये (आयपीस बसवायच्या, पुढेमागे सरकणाऱ्या नळीत) एक जादा भिंग बसवलेलं असतं. त्यांनी हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावं. पावसाळ्यात मात्र दुर्बीण हवाबंद पेटीत, सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. साताऱ्याकडच्या ओलीत भिंगांना बुरशी धरते.

राहिला संगणकीय दुर्बिणीचा प्रश्न. आत्ता घेऊ नका. ती ग्रह आपोआप शोधते हे खरं, पण बहुतेक दुर्बिणींना आधी दोन-तीन तारे दाखवून आकाशाची ओळख करून द्यावी लागते, आणि ते तारे तुम्हाला ओळखता यायला हवेत. त्या किमतीतला बराचसा पैसा मोटारी आणि यंत्रणेत जातो, आरशात कमी. तुमच्या दुर्बिणीने एक हिवाळा आणि एक उन्हाळा पाहा. चैत्र-वैशाखात सप्तर्षी वर येतील तेव्हा वसिष्ठ-अरुंधतीकडे बघा. लग्नात दाखवतात ती जोडी नुसत्या डोळ्यांची, पण दुर्बिणीतून वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा निघतो. एवढं झाल्यावरही मोठ्या आरशाची ओढ वाटली, तर साध्या लाकडी बैठकीवरची सहा इंची डॉब्सोनियन पाहा. ती तुमच्या दुर्बिणीपेक्षा पावणेदोन पट प्रकाश गोळा करते आणि तिला ध्रुवताऱ्याची गरज नाही. पण घेण्याआधी दुसऱ्यांच्या दुर्बिणींतून पाहा. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी निरीक्षकांना एकत्र आणते आहे, मुंबईकडच्या वाचकांसाठी खगोल मंडळ आहे, आणि २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला पुण्याची आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था सर्वांसाठी खुली असते. अशा आकाशदर्शनाला तुमची दुर्बीणही गाडीत घालून न्या. तिथले अनुभवी लोक तिचे आरसे दहा मिनिटांत तपासून देतील, आणि सहा इंची दुर्बीण शेजारी लावून तोच गुरू दोन्हींतून पाहता आला की पन्नास हजारांचा निर्णय तुम्हाला स्वतःच्या डोळ्यांनी घेता येईल.